शिसं, काच आणि ईव्ही होन

मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र पाहिजे, असं आमच्या विभागाच्या संपादिकेने मेसच्या लाइनीत ताट हातात असतानाच सांगून टाकलं. कलामसर आणि विश्वेश्वरय्या यांच्यावर लेख आधीच आलेत, ते सोडून कोणीही चालेल म्हणाली. मी पडले कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी एक पेपर होता, भाषा नव्हती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मी निवडलेली व्यक्ती आपल्या हॉस्टेलात कोणालाच माहीत नसेल याची जवळजवळ खात्री आहे. तिच्या देशात मात्र ती चांगलीच नावाजलेली आहे. ईव्ही होन. आयर्लंडची चित्रकार, जन्म 1894, मृत्यू 1955. खरं म्हणजे आदराने 'त्या' लिहायला हवं. पण गेले तीन महिने मी तिच्याबद्दल इतकं वाचतेय की ती आमच्या विंगमधलीच कोणीतरी वाटायला लागलीय. म्हणून 'ती'च लिहिते.

ती मला सापडली कशी? दुसऱ्या वर्षी मटेरियल सायन्सच्या सेमिनारला मी काच हा विषय घेतला होता. कारण एवढंच की आमच्या शाळेच्या चॅपलला रंगीत काचेच्या दोन खिडक्या होत्या. सकाळच्या असेंब्लीत सगळे डोळे मिटून प्रार्थना म्हणायचे आणि मी फरशीवर पडलेले निळे-लाल ठिपके बघत बसायचे. सेमिनारसाठी शोधाशोध करताना या बाईंचं नाव आलं. पुढे वाचलं तर अकराव्या वर्षी पोलिओ. तिथे मी थांबले. माझ्या आत्यालाही लहानपणी पोलिओ झालेला आहे.

ईव्हीचा जन्म 22 एप्रिल 1894 चा, डब्लिनजवळच्या रोबक ग्रोव्ह या घरातला. घराणं पैसेवालं आणि चित्रकलेचंही. होन आडनावाचे दोन चित्रकार तिच्या आधी होऊन गेले होते. दोघांचंही नाव नॅथॅनिएल. पहिला लंडनच्या रॉयल अकादमीच्या 1768 मधल्या संस्थापकांपैकी एक, आणि दुसरा तर ईव्ही तेवीस वर्षांची होईपर्यंत हयात होता. म्हणजे ब्रश हातात घेण्यात घरच्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

पोलिओने मात्र सगळं बदललं. 1905 च्या आसपासची गोष्ट. तेव्हा लस तर नव्हतीच, पण हा रोग नेमका कशाने होतो हेही कळलं नव्हतं. त्यामागे विषाणू आहे हे 1908 मध्ये कळलं. पाय कायमचा अधू झाला, हातातही पहिल्यासारखं बळ राहिलं नाही. पुढची कित्येक वर्षं दवाखाने आणि उपचार यांतच गेली. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. तिच्या घरी पैसा होता. त्यामुळे उपचार झाले, परदेशी जाता आलं, पोटासाठी काम करायची वेळ कधी आली नाही. माझ्या आत्याला गावच्या वैद्याचं तेल आणि आजीने केलेले नवस एवढंच मिळालं. अशा माणसांबद्दल लिहिताना आपण लगेच 'अपंगत्वावर मात' असे दोन शब्द लिहून मोकळे होतो. ते शब्द मी या लेखात वापरणार नाही. मात वगैरे काही होत नाही. ईव्ही शेवटपर्यंत लंगडतच चालली.

1911 साली ती इटलीत असिसीला गेली. संत फ्रान्सिसचं गाव, भिंतीभिंतीवर जुनी चित्रं. धर्म आणि चित्र या दोन्हींनी तिला तेव्हापासून धरलं असं म्हणतात आणि पुढचं आयुष्य बघता ते पटतं. मग लंडनला चित्रकलेचं शिक्षण. तिथे वॉल्टर सिकर्ट हे मोठे चित्रकार शिकवत होते आणि त्यांच्याकडे डब्लिनचीच आणखी एक मुलगी शिकायला यायची, मेनी जेलेट. वयाने ईव्हीपेक्षा तीन वर्षांनी लहान, पण भलतीच धडाडीची. दोघींची जी गट्टी जमली ती मेनी मरेपर्यंत टिकली.

1920 मध्ये ईव्ही पॅरिसला पोचली. मेनीही मागोमाग आली. आधी त्या आंद्रे लोत यांच्या वर्गात होत्या, पण लोत यांचा क्युबिझम दोघींना अर्धवट वाटला. त्यांना पुढे जायचं होतं, जिथे माणूस, टेबल, बाटली असं काही उरतच नाही, फक्त रंग आणि आकार उरतात. म्हणून 1921 मध्ये त्या थेट आल्बेर ग्लेझ यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. क्युबिझमवरचं पहिलं पुस्तक 1912 मध्ये लिहिणाऱ्या दोघांपैकी हे एक. ग्लेझ यांना विद्यार्थी नकोच होते. शिकवायचं काय तेच आपल्याला अजून नीट कळलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पण या दोघी हटल्या नाहीत. शेवटी तिघांनी मिळूनच नियम शोधायला घेतले.

आता फर्स्ट इयरवाल्यांनी जरा लक्ष द्या. ते नियम काय होते, तर ट्रान्स्लेशन आणि रोटेशन! मी वाचलं तेव्हा हसूच आलं. आपल्या मेकॅनिक्सच्या पेपरातले तेच दोन शब्द. आधी कॅनव्हासच्या चौकटीला समांतर असे आयत घ्यायचे आणि ते बाजूला सरकवायचे. हे झालं ट्रान्स्लेशन. मग तेच आकार एका बिंदूभोवती तिरके फिरवायचे, ते रोटेशन. या सरकण्या-फिरण्यातून बघणाऱ्याची नजर चित्रात फिरत राहिली पाहिजे. चित्रात वस्तू नाही, पण गती आहे. दहा-एक वर्षं दोघी दरवर्षी काही महिने फ्रान्सला जाऊन हे काम करत राहिल्या. त्या ग्लेझ यांच्या विद्यार्थिनी होत्या हे खरं, पण त्यांच्या हट्टामुळे ग्लेझ यांना स्वतःची थिअरी नीट मांडावी लागली हेही तितकंच खरं.

घरी मात्र स्वागत वेगळंच झालं. 1923 मध्ये मेनीने असं एक चित्र डब्लिनच्या प्रदर्शनात लावलं आणि लोक भडकले. जॉर्ज रसेल हे तिथले फार मोठे कवी, एई या टोपणनावाने लिहायचे. एवढ्या माणसाने ते चित्र म्हणजे पोरीला जडलेला एक रोग ठरवला. पुढच्याच वर्षी, 1924 मध्ये, दोघींनी मिळून डब्लिनमध्ये प्रदर्शन भरवलं. त्या वेळचा आयर्लंड म्हणजे नुकताच स्वतंत्र झालेला, त्यात यादवी युद्ध होऊन गेलेला देश. लोकांना शेतं, झोपड्या, समुद्र, आपली माणसं बघायची होती. पॅरिसहून आणलेले रंगीत चौकोन कोणाला हवे होते? मला इथे लोकांचाही राग येत नाही. पण त्या दोघींना मागे फिरावंसं वाटलं नाही, हे मला जास्त आवडतं.

मेनी भांडायची, भाषणं द्यायची, वर्ग घ्यायची. ईव्ही गप्प. आणि 1925 मध्ये या गप्प मुलीने सगळ्यांना धक्का दिला. ती इंग्लंडमधल्या ट्रुरो इथल्या अँग्लिकन मठात नन व्हायला निघून गेली. वय एकतीस, चित्रकार म्हणून नाव होऊ लागलेलं, आणि हे! मठात ती 1927 पर्यंत राहिली, मग परत आली.

या दोन वर्षांवरून चरित्रकार पटकन पुढे सरकतात. मी तिथेच अडकले. शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या एक सिस्टर मधेच मठ सोडून गेल्या होत्या. त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नसे, जणू त्या वर्गात कधी आल्याच नव्हत्या. एखादी वाट धरून दोन वर्षांनी ती आपली नाही म्हणून परत फिरणं म्हणजे काय असेल? आपल्याकडे ब्रँच बदलायची म्हटलं तरी घरी महिनाभर अबोला असतो. ईव्ही परत आली, पण श्रद्धा टाकून आली नाही. फक्त ती श्रद्धा कुठे ठेवायची याची जागा बदलली. ती जागा होती काच.

फ्रान्समध्ये तिने शार्त्रच्या चर्चमधल्या जुन्या खिडक्या बघितल्या होत्या. रूओ या चित्रकाराची कामंही तिला फार आवडायची. त्याच्या चित्रांत जाड काळ्या रेषा आणि मधे पेटलेले रंग असतात, कारण तो लहानपणी रंगीत काचेच्या कारागिराकडेच उमेदवारी करत होता. सपाट अमूर्त चित्रात ईव्हीला काहीतरी कमी पडू लागलं होतं. 1930 नंतर तिने ठरवलं की काच शिकायची.

डब्लिनमध्ये काचेचा एक नामांकित कारखाना होता, आन तूर ग्लिना, म्हणजे काचेचा मनोरा. सारा पर्सर या चित्रकार बाईंनी तो 1903 मध्ये काढलेला. तिथला नियम भारी होता. बाकीच्या कारखान्यांत एकाने डिझाइन करायचं, दुसऱ्याने कापायचं, तिसऱ्याने रंगवायचं, अशी असेंब्ली लाइन. इथे एक खिडकी म्हणजे एका कलाकाराची जबाबदारी, कागदावरच्या चित्रापासून काच निवडण्या-रंगवण्यापर्यंत. ईव्ही तिथे गेली आणि नकार घेऊन परत आली. वय जवळजवळ चाळीस, हाताला बळ नाही, काचेचा अनुभव शून्य. पर्सरबाई तेव्हा पंचाऐंशीच्या आणि स्वभावाने कडक. त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. काचेचं काम म्हणजे खरोखर अंगमेहनत.

ती कशी ते सांगते, कारण वर्कशॉपमध्ये ज्यांनी फिटिंगचा जॉब घासलाय त्यांनाच ते कळेल. आधी खिडकीच्या खऱ्या मापाचं पूर्ण चित्र कागदावर काढायचं. मग प्रत्येक तुकड्याचा साचा. त्या साच्याबरहुकूम रंगीत काच कापायची. काचेचा रंग वरून लावलेला नसतो, तो काच वितळलेली असतानाच घातलेल्या धातूंच्या संयुगांचा असतो. कोबाल्टने निळा, तांब्याने किंवा सोन्याने लाल. लाल काच अख्खी जाड केली तर ती काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. तो थर हायड्रोफ्लोरिक ॲसिडने हवा तिथे खाऊन काढला की लालाच्या आत पांढरा, गुलाबी असे प्रकाश मिळतात. ईव्ही हे तंत्र फार वापरायची. (हे ॲसिड आपल्या लॅबमध्ये हात लावायलाही देत नाहीत आणि बरोबरच आहे.) चेहरे, घड्या, छाया यांसाठी लोखंडाची ऑक्साइड आणि काचेची पूड यांचा काळपट रंग लावून तुकडे भट्टीत घालायचे, सहाशेच्या पुढे सेल्सिअस. चांदीचं संयुग लावून भाजलं तर पिवळा डाग उमटतो, स्टेन्ड ग्लास या नावातलं स्टेन ते हेच. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. या पट्टीचा सेक्शन इंग्रजी एच सारखा असतो, दोन्ही खाचांत एकेक काच. सांध्यांना सोल्डर, फटींत लांबीसारखं सिमेंट, आणि मागून लोखंडी आडव्या सळ्या. वाऱ्याचा लोड सगळा त्या सळ्यांवर.

आणि सगळ्यात कठीण काय, तर मोठी खिडकी कारखान्यात कधीच पूर्ण दिसत नाही. तुकडे-तुकडे तयार होतात. भिंतीत बसल्यावर, मागून सूर्य आल्यावरच कळतं की आपण काय केलंय. तोवर बदलायची सोय नाही.

नकार मिळाल्यावर ईव्ही लंडनला गेली. तिथे विल्हेल्मिना गेडिस होत्या, मूळ आयर्लंडच्या आणि त्या काळच्या काचेच्या कलाकारांत अव्वल. त्यांच्या मदतीने तिने डब्लिनच्या डंड्रम भागातल्या सेंट नाही या छोट्या चर्चसाठी पहिली काच केली. (चर्चचं नावच तसं आहे, हो-नाही मधलं नाही नव्हे.) त्यानंतर आन तूर ग्लिनाने तिला आत घेतलं. तिथले मायकेल हीली हे जुने कसबी कलाकार, त्यांच्याकडून ती पुष्कळ शिकली. 1941 मध्ये हीली वारले तेव्हा क्लाँगोज वुड कॉलेजसाठी त्यांनी सुरू केलेली खिडक्यांची मालिका अपुरी होती. ती ईव्हीने पुरी केली.

त्याआधी 1937 मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला होता. आणि 1939 मध्ये जगाने तिचं नाव ऐकलं. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आयर्लंड सरकारचं दालन होतं, वरून बघितलं तर तीन पानांच्या शॅमरॉकच्या आकाराचं. त्यात लावायला सरकारने ईव्हीकडून एक मोठी खिडकी करून घेतली. नाव 'माय फोर ग्रीन फील्ड्स', विषय आयर्लंडचे चार जुने प्रांत. वीणेसारखं हार्प, तीन मुकुट, लाल हात, गरुड अशी प्रांतांची चिन्हं आणि गर्द हिरवा, निळा, लाल रंग. काचेच्या कामाचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. पंधरा वर्षांपूर्वी डब्लिनकरांना ज्या दोघींची चित्रं सहन झाली नव्हती, त्यांतल्याच एकीला देशाचं तोंड म्हणून अमेरिकेला पाठवावं लागलं. मी असते तर त्या टीकाकारांना तिकीट काढून न्यूयॉर्कला नेलं असतं. ईव्हीने असं काही केल्याचं वाचनात नाही.

1943 मध्ये जुन्या अकादमीला कंटाळलेल्या चित्रकारांनी लिव्हिंग आर्ट नावाचं स्वतंत्र वार्षिक प्रदर्शन सुरू केलं, त्यात मेनी आणि ईव्ही दोघी होत्या. पुढच्या फेब्रुवारीत मेनी कॅन्सरने गेली. सेहेचाळीस वर्षांची होती. आन तूर ग्लिनाही 1944 मध्येच बंद झालं. मैत्रीण गेली, कारखाना गेला. ईव्हीने डब्लिनच्या दक्षिणेला राथफार्नम भागात मार्ले इथे स्वतःचा स्टुडिओ मांडला आणि तिचं सगळ्यात चांगलं काम तिथून पुढचं आहे. टुलाबेगच्या जेझुइटांसाठी 1946 मध्ये केलेल्या तिच्या पाच खिडक्या आज डब्लिनच्या मनरेसा केंद्रात आहेत. मी फोटोच बघितलेत, पण त्यांतला लाल रंग स्क्रीनवरसुद्धा डोळ्यांत जातो.

मग इटन. इंग्लंडच्या पंतप्रधानांची शाळा म्हणतात ती. डिसेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्ब पडून त्यांच्या पंधराव्या शतकातल्या चॅपलच्या खिडक्या फुटल्या. पूर्वेची मुख्य खिडकी नव्याने करायचं काम 1949 मध्ये कोणाला दिलं, तर आयर्लंडच्या, कॅथलिक झालेल्या, पंचावन्न वर्षांच्या, काठीवर चालणाऱ्या बाईला. वर क्रूसावरचा येशू, खाली शेवटचं भोजन. तीन वर्षं ती त्यावर खपली आणि 1952 मध्ये खिडकी बसली. तरुणपणी तिने चित्रातून माणूसच काढून टाकला होता. इथे माणसं परत आली, मोठ्या डोळ्यांची, साधी, जुन्या आयरिश दगडी कोरीवकामातल्यासारखी. पण रंगांची मांडणी बघितली तर ट्रान्स्लेशन-रोटेशनचे दिवस वाया गेले नाहीत हे कळतं. 1969 मध्ये आयर्लंडने या खिडकीचं टपाल तिकीट काढलं.

13 मार्च 1955, रविवार. राथफार्नमच्या आपल्या चर्चमध्ये प्रार्थनेला आत शिरताना ती कोसळली आणि गेली. साठ वर्षांची होती. यानंतर बरोबर तीस दिवसांनी, 12 एप्रिल 1955 ला, डॉ. जोनास साल्क यांची पोलिओची लस उपयोगी ठरल्याचं अमेरिकेत जाहीर झालं. ही तारीख मी दोनदा तपासली. आपल्याकडे पोलिओचा शेवटचा पेशंट सापडला जानेवारी 2011 मध्ये आणि भारत पोलिओमुक्त झाला असं 2014 मध्ये जाहीर झालं. आत्या तोवर चाळिशीला आली होती.

एक राहिलं. ती न्यूयॉर्कची खिडकी 1960 पासून वीस-एक वर्षं डब्लिनमध्ये तिथल्या एसटीच्या, म्हणजे सरकारी वाहतूक कंपनीच्या, हेड ऑफिसात होती. आता ती सरकारच्या मुख्य इमारतीत, प्रवेशाच्या जिन्यासमोर आहे. पंतप्रधानांना भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यासमोरून जातो. आणि ही इमारत आधी काय होती माहितीये? रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि मग 1989 पर्यंत डब्लिन युनिव्हर्सिटी कॉलेजचं इंजिनिअरिंग कॉलेज! म्हणजे जिथे आपल्यासारखीच पोरं जर्नल कम्प्लीट करत जिना चढायची, तिथे आज ईव्हीची काच आहे. पोरं गेल्यावर आली, हे त्या पोरांचं नशीब.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आत्याला हे सगळं सांगितलं, मोबाइलवर इटनची खिडकी दाखवली. आत्या ब्लाउज शिवते, तिच्या मशीनला पायटा नाही, मोटर बसवून घेतलीय. तिने चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला. येशूबद्दल विचारलं नाही, पोलिओबद्दलही नाही. एवढ्या उंचावर हे चढवलं कोणी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते कारागीर वेगळे असतात, परातीवर चढून बसवतात. मग ठीक आहे, म्हणाली, आणि बाही लावायला घेतली.